तीन रविवार

चाचा कुठलीही वस्तू आधी नाकाला लावायचे, मग डोळ्यांना. जुनं कॉमिक असो, कुणाकडून तरी हातोहात आलेला एखाद्या नायकाचा प्लास्टिकचा पुतळा असो, नाहीतर बटणं झिजलेला हातात धरायचा व्हिडिओ गेम असो. डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि निकाल सांगायचे. "हे चार पावसाळे पलंगाखाली होतं." "ह्याच्यावर मांजर झोपायची." "हे घेऊ नको बेटा, ह्याला आतून बुरशी हाय. तुझी बाकीची पुस्तकं पण खाईल." पोरं हसायची. त्यांना तोंडावरच 'नाकवाले चाचा' म्हणायची. चाचा म्हणायचे, "हसा, हसा. डोळ्याला रंग फसवतो, कानाला दुकानदार फसवतो. नाकाला फसवायचं दुकान अजून कुणी काढलं न्हाई."

ते नाक बदनाम झालं. आजही लातुरात जुन्या गेमचा सौदा करताना एखादा पोरगा दुसऱ्याला म्हणतो, "चाचांनी तपासलंय का? मग पळ इथून!" आणि दोघं खिदळतात. म्हणणाऱ्यानं चाचांना पाहिलेलंही नसतं. हा विनोद ज्या वाक्यातून निघाला, ते वाक्य माझं आहे. ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. माझी पंचाहत्तरी उलटून गेली आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायला आता माझ्याशिवाय कुणी शिल्लक नाही.

चाचांचं घराणं कल्हईवाल्यांचं. बाप-आजे गल्लोगल्ली भाता घेऊन बसायचे. घरोघर स्टीलची भांडी आली तशी कल्हई बंद पडली. चाचांनी हाताला ठाऊक असलेली, कथील वितळवून डाग द्यायची विद्या रेडिओत वापरली, मग टेपरेकॉर्डरमध्ये, मग टीव्हीला जोडायच्या गेममध्ये. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मूळ औशाचा, नोकरी लातुरात, निवृत्तीही लातुरात. लहानपणापासून मला कॉमिक्सचं वेड होतं, आणि ते मी जन्मभर सहकाऱ्यांपासून एखाद्या व्यसनासारखं लपवलं होतं. एकदा पत्र्याच्या पेटीची बिजागरी तुटली म्हणून ती चाचांकडे नेली. वर जुन्या चादरी अंथरल्या होत्या. चाचांनी पेटी नुसती हुंगली आणि माझ्याकडे बघून हळूच हसले. "गुरुजी, चादरीला छापखान्याच्या शाईचा वास कधीपासून यायला लागला?"

आमचं शौकिनांचं मंडळ तिथून सुरू झालं. डाळ मिलच्या मागं माझी शिकवणीची जुनी खोली रिकामी होती. तिथं दर रविवारी दुपारी लातुरात क्लाससाठी राहणारी मुलं-मुली जमायला लागली. गावाकडून येणाऱ्या खर्चात मेस भागवायची, वह्या भागवायच्या, आणि त्यात कुणाला जपानी चित्रकथांचं वेड, कुणाला ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनचं, कुणाला सोंगट्या-फाशांच्या मोठमोठ्या खेळांचं. शौक मोठा, खिसा छोटा. चाचा त्यांना शौक सोड असं कधीच म्हणाले नाहीत. शौक स्वस्तात कसा पोसायचा ते शिकवायचे.

पहिला नियम, डबा विकत घ्यायचा नाही. "पुतळा घ्या, डबा विकणाऱ्यालाच ठेवू द्या. डब्याबिगर तीच वस्तू निम्म्यात येते. डब्याशी काय खेळणार?" दुसरा, मालिका एकट्यानं घ्यायची नाही. सात भाग असतील तर सात जणांनी एकेक घ्यायचा आणि आळीपाळीनं वाचायचा. वाचताना खाल्लेलं चाचांना कळायचंच. "पाचव्या भागाला चिवड्याचा वास येतोय. कुणाकडं होता रे?" ओलसर कॉमिक उन्हात टाकलं की ते चिडायचे. "ऊन रंग खातं. सावलीत, वाऱ्याला ठेवा. पेटीत कडुलिंबाचा वाळला पाला घाला. बुटाच्या डब्यात त्या पांढऱ्या पुड्या येतात ना, त्या फेकता काय? त्या पेटीत टाका, ओल पितात."

कॉस्प्ले हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सोंगच की! आमच्या गल्लीत बहुरूपी यायचा, त्याला तुमच्या ह्या शब्दाची गरज न्हाई पडली." मग त्यांनी पोरांना शिरस्त्राण करायला शिकवलं. रद्दी भिजवून तिचा लगदा करायचा, त्यात मेथीची पूड घालायची म्हणजे कीड लागत नाही, आणि उलट्या पातेल्यावर थापून वाळवायचा. चिलखत चपलांच्या कारखान्यातल्या फोमच्या तुकड्यांचं. तलवार गोड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, कडा दुमडलेल्या. लातुरात तेलाचे डबे कमी नाहीत. औशाजवळच्या खेड्यातली वैष्णवी नावाची मुलगी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती. तिनं असं शिरस्त्राण घालून आरशात बघितलं आणि म्हणाली, "चाचा, मी डॉक्टर झाले ना, ओपीडीत हेच घालून बसणार." चाचा म्हणाले, "बस की. पेशंट निम्मा तर पळूनच बरा होईल."

पण त्यांचा खरा नियम तीन रविवारांचा होता. एखाद्याला काही घ्यायची हुक्की आली की चाचा म्हणायचे, "तीन रविवार थांब. पहिल्या रविवारी मन बोलतं. दुसऱ्या रविवारी खिसा बोलतो. तिसऱ्या रविवारी पण पाहिजेच वाटलं, तर ती वस्तू तुझी हाय, मग खुशाल घे." बहुतेकांची हुक्की दुसऱ्या रविवारी उतरायची. मी मात्र हा नियम पाळत नसे. मंडळात वयानं मोठा मी, खोली माझी. मला कोण थांबायला सांगणार?

नांदेडच्या जुन्या बाजारात मला हातात धरायच्या गेमची एक जोडी मिळाली. एकसारखी दोन यंत्रं, मधे वायर जोडली की दोघांनी समोरासमोर खेळायचं. मी तिथल्या तिथं घेतली. येत्या रविवारी नांदेडची काही मुलं आमच्याकडे सामना खेळायला येणार होती, आणि त्यांच्यासमोर ही जोडी काढायची असं माझ्या मनात होतं. गुरुवारी दुपारी मी ती चाचांच्या दुकानात नेली. दुकानात आम्ही दोघंच होतो.

त्यांनी एक यंत्र नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. तसं करताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दुसरंही हुंगलं. मग यंत्राची पाठ माझ्यापुढं केली. झाकण मधोमध किंचित वर आलं होतं.

"गुरुजी, ह्याचं पोट फुगलंय. दोघांचं पण. आतून गोड वास येतोय, नखाच्या पॉलिशसारखा. आजच बॅटरी काढा. चार्जिंगला तर लावूच नका. मी पुढच्या आठवड्यात नव्या बसवून देतो."

"पुढच्या आठवड्यात कशाला? रविवारी पाहिजेत. पोरं येणारेत नांदेडहून."

"रविवारी दुसरा खेळ खेळा की."

"चाचा, सेल कसा चालतो हे मी तीस वर्षं शिकवलंय," मी म्हणालो. हसत म्हणालो, पण मला राग आला होता. कल्हईवाल्यानं मला बॅटरी शिकवावी?

"शिकवलं असेल, गुरुजी. हुंगलं न्हाई कधी."

मी जोडी पिशवीत घातली. चाचा पायरीपर्यंत मागं आले. "मी उद्या लेकीकडं हदगावला चाललो, लग्न हाय. सोमवारी येतो. तोवर बाहेर ठेवा, उघड्यावर, मातीत. ऐका माझं."

शनिवारी मी दोन्ही यंत्रं घरी चार्ज करून पाहिली. काही झालं नाही. त्या काही न झाल्यानं माझा अहंकार आणखी सुखावला. रविवारी दुपारी खोली गच्च भरली होती. चाचा असते तर दारातूनच त्यांच्या नाकानं ओळखलं असतं. पहिला सामना रंगला, एका यंत्राची बॅटरी उतरली, आणि मी स्वतःच्या हातानं ते चार्जिंगला लावून कॉमिक्सच्या खोक्यावर ठेवलं. खोलीत गोडसर वास येत होता. मला तो आला होता. मला वाटलं, कुणीतरी मुलीनं नखं रंगवली असतील. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आधी सापाच्या फुत्कारासारखा आवाज झाला. मग पांढरा धूर, मग जाळ. खोक्यातले कागद पेटले. मुलं दाराकडे धावली. वैष्णवी माघारी फिरली, तिनं ते जळतं यंत्र उजव्या हातानं उचललं आणि खिडकीबाहेर भिरकावलं. खोकं दोघांनी पाणी ओतून विझवलं. तिनं तसं केलं नसतं तर खोक्याला लागून असलेलं, सोंगांच्या फोमचं कपाट पेटलं असतं आणि दारापर्यंत सगळेच पोचले नसते. तिच्या तळव्याची कातडी गेली. परीक्षा महिन्यावर आली होती. ती परीक्षा तिला देता आली नाही.

त्या गडबडीत मी एक गोष्ट मात्र शांत डोक्यानं केली. जोडीतलं दुसरं यंत्र रुमालात गुंडाळून पिशवीत टाकलं. ते कुणी पाहिलं असतं तर त्याचं फुगलेलं पोटही पाहिलं असतं, आणि मला विचारलं असतं, सर, हे तुम्हाला दिसलं नाही?

सोमवारी चाचा हदगावहून आले ते सरळ दुकानाकडे. तिथं वैष्णवीचे वडील, आणखी दोघातिघांचे पालक, गल्लीतली माणसं उभी होती. मीही होतो. वैष्णवीचे वडील घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "सर, तुमच्या भरवशावर पोरगी पाठवत होतो आम्ही. ते मशीन कुणी तपासलं होतं का न्हाई?"

मी म्हणालो, "चाचांनी बघितलं होतं."

सगळे चाचांकडे वळले. "काय ओ चाचा? बघितलं होतं का?"

चाचांच्या हातात प्रवासाची पिशवी तशीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. समोरचा माणूस बोलता बोलता श्वास घ्यायला थांबला की आपण पुढच्या शब्दाची वाट बघतो, तसं ते बघत होते. मी चष्मा पुसायला घेतला.

"हाव," चाचा म्हणाले. "बघितलं होतं."

त्यानंतर जे बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या धंद्याबद्दल बोलले, नाकाबद्दल बोलले, आणि एक-दोघं ज्या गोष्टीचा इथं काही संबंध नव्हता तिच्याबद्दलही बोलले. निवृत्त गुरुजी एकीकडे आणि गल्लीतला चाचा दुसरीकडे. कुणाला विचारायची गरजच पडली नाही. आठवडाभरात लोक दुरुस्तीला टाकलेल्या वस्तू तशाच परत घेऊन गेले.

पुढच्या रविवारी चाचा त्यांच्याकडच्या किल्लीनं खोली उघडून बसले, असं मला चहावाल्यानं सांगितलं. अर्धवट जळलेली कॉमिक्स सुटी करून सावलीत पसरत होते. मी तब्येतीचं निमित्त सांगून घरी राहिलो. दुसऱ्या रविवारीही ते आले. मी औशाला निघून गेलो. तिसऱ्या रविवारी मी डाळ मिलच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. खिडकीतून ते दिसत होते. समोर एक रिकामी खुर्ची मांडलेली, आणि ते दाराकडे तोंड करून बसलेले. हातात काही काम नव्हतं. मी तिथूनच मागं फिरलो. चौथ्या रविवारी सकाळी खोलीची किल्ली माझ्या फाटकाच्या कडीला सुतळीनं बांधलेली होती. चाचा दुकान बंद करून हदगावला लेकीकडे गेले होते.

पाच वर्षं गेली. खोलीला कुलूप होतं. माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, रुमालातलं ते दुसरं यंत्र होतं. फेकायचं धाडस होत नव्हतं, बघायचंही होत नव्हतं. कधीतरी कपाट उघडताना मला वाटायचं, रुमालाची घडी मागच्या वेळेपेक्षा थोडी उंच दिसते आहे. मग मी आणखी एक स्वेटर वर ठेवायचो. त्या कपाटाला टेकून माझी नात अभ्यासाला बसायची.

मागच्या वर्षी मला दवाखान्यात राहावं लागलं, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा जी एसटी मिळाली तिनं मी नांदेडला आणि तिथून हदगावला गेलो. आगीतून वाचलेलं एक कॉमिक बरोबर घेतलं. चाचांची लेक शबाना घरीच शिवणकाम करते. चाचा ओसरीवर बाजेवर बसले होते. खूप वाळले होते. "या गुरुजी," म्हणाले, जसा मी कालच येऊन गेलो होतो. मी कॉमिक पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि शेजारी ठेवून दिलं.

हुंगलं नाही.

शबानानं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. पाण्याचा तांब्या ठेवताना म्हणाली, "अब्बा आता काहीच हुंगत न्हाईत. दूध नासलं तरी मलाच विचारतेत, बघ गं, चांगलं हाय का."

मी बोललो. जसं वर लिहिलं तसं, सगळं. नखाच्या पॉलिशचा वास मला आला होता, एवढं सोडून. चाचा ऐकत राहिले.

"तुम्ही का नाही बोललात?" मी विचारलं. "त्या दिवशी एक वाक्य बोलला असता तर..."

"माझं कुणी ऐकलं असतं? तुमचं ऐकलं असतं." मग म्हणाले, "मी थांबलो होतो, गुरुजी. तीन रविवार."

मला मान वर करता येईना. ते माफ केलं म्हणतील, किंवा शिव्या देतील, मी दोन्हीला तयार होतो. पण त्यांचा आवाज एकदम बदलला.

"जोडी होती ना ती? दुसरं कुठंय?"

मी सांगितलं.

चाचा बाजेवरून उठलेच. "घरात? कपाटात? पाच सालांपासून? आणि घरी नात हाय ना तुमच्या? काय करून राहिले गुरुजी तुम्ही! फोन लावा. आत्ताच्या आत्ता सूनबाईला फोन लावा."

मी त्यांच्या ओसरीवरून सुनेला फोन लावला. सांगितलं, कपाट उघडू नको, हात लावू नको, पोरीला घेऊन शेजारी जाऊन बस. ती घाबरली. "पण बाबा, असलं काय ठेवलंय तुम्ही तिथं? आणि कशाला?" चाचा माझ्याकडे बघत होते. तसंच, पुढच्या शब्दाची वाट बघितल्यासारखं. ते कशाला ठेवलं, ते मी सुनेला सांगितलं. मग ती म्हणाली, "आम्ही निघतो घराबाहेर," आणि फोन ठेवला. तिनं त्यानंतर कितीतरी दिवस मला बाबा म्हटलं नाही.

चाचांनी मला एसटीपर्यंत सोडायला शबानाला पाठवलं आणि दारातून सूचना देत राहिले. टोचायचं नाही. दाबायचं नाही. पाणी नाही. लोखंडी घमेल्यात कोरडी वाळू, अंगणात, भिंतीपासून लांब. कचऱ्याच्या गाडीत टाकायचं नाही, तिथं दुसऱ्याचं पोरगं जळेल. जुन्या बॅटऱ्या घेणारा माणूस नांदेडला आहे, त्याला बोलवायचं. हदगाव ते नांदेड, नांदेड ते लातूर, त्या सगळ्या वाटेवर एसटीतल्या प्रत्येक वासात मला तो गोड वास येत होता. फोन हातात धरून बसलो होतो. तो वाजला असता तर मी उचलू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही.

उन्हं कलताना घरी पोचलो. अंगणात वाळू, घमेलं तयार केलं. कपाट उघडताच वास आला. आता तो नखाच्या पॉलिशचा नाही हे मला कळलं. रुमालातल्या यंत्राचं झाकण उखडून आतली बॅटरी उशीसारखी बाहेर आली होती, आणि वरच्या स्वेटरांनी ती दाबून धरली होती. माझ्या स्वेटरांनी. पाटावर सरकवून ते बाहेर नेलं. वाळूत ठेवलेल्या यंत्राचा फोटो शबानाला पाठवला. थोड्या वेळानं तिचा निरोप आला, "अब्बा विचारून राहिले, वाळू कोरडी हाय का?"

दोनच महिन्यांनी चाचा गेले. मी हदगावला गेलो तेव्हा माती होऊन गेली होती. शबाना म्हणाली, शेवटच्या दिवसांत त्यांनी ते कॉमिक मागून घेतलं होतं. "हुंगलं का?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी पाहिलं न्हाई, सर. मी आत होते."

येताना नांदेडला वैष्णवीला भेटलो. तिनं पुढच्या वर्षी परीक्षा दिली आणि ती आता तिथं मेडिकलला शिकते. उजव्या हाताची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, ती न मिटणारी बोटं दुसऱ्या हातानं दाबत राहिली. मग म्हणाली, "सर, हदगाव इथून किती लांब आहे? मी त्यांना एकदाही भेटायला गेले नाही. मला त्यांचा राग होता."

खोलीचं कुलूप मी काढलं आहे. रविवारी काही मुलं यायला लागली आहेत. दाराच्या आत चाचांचे नियम कागदावर लिहून लावले आहेत, आणि त्यांच्याखाली ते वाक्य, जे मी त्या सोमवारी पूर्ण करायला हवं होतं. ज्या मुलांनी तो विनोद ऐकला आहे, त्यांनी हे पाठ करावं.

चाचांनी ते मशीन बघितलं होतं, हुंगलं होतं, आणि मला सांगितलं होतं की ह्याचं पोट फुगलंय, आजच बॅटरी काढा. मी काढली नाही.